वाचलेलं पाणी विहिरीतच राहू द्या

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, ठिबकचं काम पूर्ण झालं हे ऐकून बरं वाटलं. पण वाचलेल्या पाण्यावर पडीक तुकडाही भिजवायचा, असं तुम्ही म्हणालात तेव्हापासून मला चैन नाही. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

पाटाने दिलेलं पाणी जमिनीत मुरतं, ते सगळं वाया जात नाही. बरंचसं झिरपून पुन्हा विहिरीला येतं, आपल्या नाहीतर शेजाऱ्यांच्या. खरं हातचं जातं ते पिकाच्या पानांतून आणि ओल्या मातीवरून उडून जाणारं. आता ठिबकने झिरपणं कमी होणार. वर क्षेत्र वाढवलं की उपसा तेवढाच राहील, पिकं जास्त पाणी पितील आणि विहिरीकडे परत येणारं घटेल. अमेरिकेत कॅन्ससच्या पश्चिम भागात हेच घडलं. तिथली शेती ओगालाला भूजलसाठ्यावर चालते. पाणी वाचवणारे नवे फवारे बसले, पण शेतकरी जास्त पाण्याच्या पिकांकडे वळले आणि उपसा उलट वाढला.

जगात माणूस नद्या-विहिरींतून जेवढं गोडं पाणी उचलतो, त्यातलं सुमारे 70 टक्के शेतीला लागतं. लागवडीखालच्या जमिनीपैकी साधारण 20 टक्केच ओलिताखाली आहे, पण अन्नाचा जवळपास 40 टक्के वाटा तिचा. म्हणून बागायत सोडा असं मी म्हणणार नाही. ती टिकवायची तर क्षेत्र पाण्याच्या मापाने धरावं लागेल, एवढंच.

आई, तू वीतभर खालची माती मुठीत दाबून बघतेस ना, ते सोडू नकोस. मूठ उघडल्यावर गोळा शाबूत राहिला तर कॉक उघडायची घाई नको. ठिबक आहे म्हणून रोज पाणी द्यायलाच हवं असं नाही. फुलोऱ्यात आणि दाणे भरताना मात्र ताण पडू देऊ नका.

बाबा, एक वही घाला. पंप सुरू करण्याआधी विहिरीत किती पाणी होतं आणि बंद केल्यावर ते परत भरायला किती वेळ लागला, तारखेसकट लिहा. हंगाम संपला की वही घेऊन बसू आणि मगच त्या तुकड्याचं ठरवू. तोवर तिथे पावसावर येईल तेच पेरा. नवीन बोअरचा विषयही तोपर्यंत नको, माझ्यासाठी एवढं ऐका.

तुमची लेक