शकुंतलेचा पट्टा तुकड्यात विकू नका, ब्रॉडगेज येईपर्यंत सायकली तरी जाऊ द्या: रेल्वेमंत्र्यांना खुलं पत्र

मा. रेल्वेमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

शकुंतलेवर, म्हणजे वऱ्हाडातल्या आमच्या बंद पडलेल्या छोट्या गाडीवर, पत्र आलं म्हटलं की तुमच्या ऑफिसात उघडायच्या आधीच कळत असेल आत काय आहे ते, एकतर "ब्रॉडगेज करा" नाहीतर "आमची जुनी गाडी परत द्या". दोन्ही मागण्या आमच्याच लोकांच्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. मी मागतोय ते त्याहून लहान काम आहे, पैसाही कमी लागतो, आणि त्यानं या दोन्हीपैकी कुठल्याच मागणीला धक्का लागत नाही. म्हणून जरा शेवटपर्यंत वाचा.

आधी गाडी कोणती ते सांगतो, कारण दिल्लीत बसलेल्या माणसाला मूर्तिजापूर म्हणजे भुसावळ–नागपूर लाईनवरचं एक स्टेशन इतकंच माहीत असतं. त्या मूर्तिजापूरहून दोन बाजूंना अडीच फुटी नॅरोगेज निघते. एक फाटा दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूरला जातो, सुमारे ७७ किलोमीटर. दुसरा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, सुमारे ११३ किलोमीटर. तिसरा तुकडा पुलगाव–आर्वीचा, ३५ किलोमीटर, तो वेगळा पडलेला. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला न्यायला हे बांधलं. कापूस आमचा, इंजिनही मँचेस्टरलाच बनलेलं, ते वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत ओढत राहिलं आणि मग डिझेल आलं. बाकी बहुतेक रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा हा रूळ कंपनीच्या नावावर राहून गेला, गाडी चालवायची सरकारनं आणि रूळ दुसऱ्याचा. शेवटच्या काळात तर गार्डच तिकीट फाडायचा, गार्डच उतरून फाटक लावायचा. मग तीही बंद झाली. आता बोर्ड दिसतात, रूळ कुठं दिसतो कुठं तणात हरवलाय, आणि राखण नसलेलं लोखंड किती दिवस जागेवर राहतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता मुद्दा. साहेब, तुम्ही हा पट्टा कागदावर बघता तेव्हा तुम्हाला बंद रेल्वेलाईन दिसते. आम्हाला दिसतो तो भराव. आमच्याकडे खारपाणपट्टा आहे, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट, पूर्णेच्या दोन्ही अंगाला, खोल काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि जुलैत पाय टाकला की चप्पल आतच राहते. पांदण रस्त्यानं पावसाळ्यात बैलबंडी फसते, ट्रॅक्टर फसतो, मोटरसायकलचं चाक मडगार्डपर्यंत गाऱ्यानं भरून जाम होतं. सरकारनं २०२१ मध्ये मातोश्री पाणंद रस्ते योजना आणली, काही ठिकाणी कामं झाली, काही ठिकाणी मुरूम टाकला आणि पुढच्या पावसात तो मुरूम जमिनीनं गिळून टाकला, काळ्या मातीचं ते असंच असतं. आणि या सगळ्याच्या मधून शंभर वर्षांपूर्वीच्या इंजिनियरनं उचलून बांधलेला, खडी टाकलेला, जवळजवळ सपाट असा कोरडा पट्टा जातो. गावामागून गाव जोडत जातो. रेल्वेला चढ चालत नाही म्हणून तो सपाट, आणि सायकललाही चढ नकोच असतो. गावातले लोक त्याच्यावरून आत्ताही चालतातच. निंदणाला जाणाऱ्या बाया चालतात, शाळेची पोरं चालतात, कारण दुसरीकडून जायला वाटच नसते. फक्त आत्ता ते बेकायदेशीर आहे, ठेचाळत आहे, आणि नाल्यावरच्या पुलावर स्लीपरच्या मधून खाली पाणी दिसतं.

सायकल म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर हेल्मेट घातलेला पुण्याचा माणूस येत असेल तर तो काढून टाका. इथं सायकल म्हणजे सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवीच्या पोरीला मिळालेली सायकल. सरकार सायकल देतं आणि चालवायला देतं हायवे, ज्याच्यावरून ट्रक जातात, काळी-पिवळी जीप जाते, नाहीतर देतं चिखल. मग ती सायकल जूनमध्ये घरच्या ओसरीला टेकते ते दिवाळीपर्यंत. पोरगी एसटीची वाट बघते, एसटी आली तर आली, नाहीतर शाळा बुडते, आणि दहावीनंतर बापच म्हणतो, "कशाले जातं एवढ्या लांब". सायकल ट्रॅकचं पहिलं गिऱ्हाईक ही पोरगी आहे. टूरिस्ट आला तर चांगलंच, त्याला चहा पाजू.

आता हेरिटेज गाडी आणि सायकलीची वाट एकाच जमिनीवर कशी बसवायची, यावर लोक लगेच भांडायला लागतात, जसं काही एक ठेवलं तर दुसरं मेलंच. बाहेर हे दोन तऱ्हेनं जमवलेलं आहे. वेल्समध्ये कार्नार्व्हन ते डिनास हा जुन्या मोठ्या लाईनचा पट्टा होता, तिथं १९९७ मध्ये दोन फुटी छोटी गाडी सुरू केली आणि तिच्याच शेजारून सायकलची वाट जाते, मध्ये कुंपण. इंग्लंडात ब्रिस्टल–बाथचा सायकल रस्ता बंद लाईनवरच केला आणि त्याच्या एका तुकड्यावर वाफेची गाडी बाजूनं धावते. हे जमलं कारण तिथली जुनी जागा रुंद होती. आपला भराव अडीच फुटी गाडीपुरता बांधलेला, वरती गाडी आणि सायकल शेजारी शेजारी बसणार नाहीत, खालून बाजूला वेगळी वाट उचलावी लागेल आणि प्रत्येक पुलावर ती अडेल. म्हणून आम्हाला दुसरी तऱ्हा लागू पडते, न्यूझीलंडवाली. तिथं ओटागो भागातली लाईन बंद झाली तर डुनेडिन शहराच्या कौन्सिलनं मिडलमार्चपर्यंतचा रूळ घेतला आणि टूरिस्ट गाडी चालवली, आणि मिडलमार्चच्या पुढं क्लाइडपर्यंत रूळ काढून सुमारे १५० किलोमीटरची सायकल वाट केली, २००० मध्ये पूर्ण झाली. गाडी जिथं संपायची तिथं सायकल सुरू व्हायची. मधली गावं ओस पडत चालली होती, त्यांना त्यातून राहायची-खायची गिऱ्हाईकं मिळाली. तो भागही आपल्यासारखाच आहे, मोकळा आणि कोरडा, लांब लांब गावं.

आता हे इथं मांडून बघा. चिखलदऱ्याला जाणारा बहुतेक टूरिस्ट परतवाड्यावरून जातो, आणि परतवाडा–अचलपूर म्हणजे एकाच गावाच्या दोन बाजू. अचलपूरला हौज कटोरा ही जुनी वास्तू आहे, इमादशाहीची राजधानी होती, पण गाडीतून उतरायला कारण नाही म्हणून कोणी उतरत नाही. अचलपूर ते पथ्रोट, फार तर अंजनगाव, एवढीच गाडी ठेवा. शनिवार-रविवार, पावसाळ्यापासून फेब्रुवारीपर्यंत. मार्चनंतर नको, पंचेचाळीस डिग्रीत पत्र्याच्या डब्यात कोणी बसणार नाही आणि बसवूही नये. डबे कुठून आणायचे म्हणाल तर कालका–शिमल्याची गाडी याच अडीच फुटी गेजची आहे, २००८ मध्ये जागतिक वारशात गेलेली. नागपूर–नागभीड लाईन याच गेजची होती, ती २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद केली. नागपूरच्या मोतीबागेत तर नॅरोगेजचं म्युझियमच आहे. म्हणजे सामान आणि जाणकार माणसं दोन्ही आपल्याच विदर्भात आहेत. आणि अंजनगावच्या पुढं दर्यापूर, लाखपुरी, मूर्तिजापूर, हा सगळा सायकलीचा पट्टा. यात शेंडगाव अंजनगाव तालुक्यातच आहे, गाडगेबाबांचं जन्मगाव, आणि मूर्तिजापूरला त्यांचं काम. बाबांच्या वाटेवर झाडू आणि सायकल घेऊन पोरं चालली तर त्याला सरकारी योजनेचं वेगळं नाव द्यायची गरज पडणार नाही.

गाडी तोट्यात जाईल, मान्य. असल्या बहुतेक गाड्या तोट्यात असतात, त्यामुळे गाडी एका छोट्या तुकड्यावरच ठेवा म्हणतोय.

आता ब्रॉडगेजवाले मित्र रागावतील, त्यांचं बरोबर आहे, इतकी वर्षं उपोषणं करून, निवेदनं देऊन सर्व्हे, डीपीआर (प्रकल्पाचा सविस्तर अहवाल), मंजुरी एवढेच शब्द मिळालेत आणि आता कोणी सायकल म्हटलं की त्यांना वाटतं हा आमची मागणी मारायचा डाव आहे. त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी एकच गोष्ट सांगतो. अमेरिकेत १९८३ मध्ये कायदा केला, बंद लाईनवर लोकांना चालायला-सायकलला वाट द्यायची पण जमीन रेल्वेच्या वापरासाठी राखीवच धरायची, उद्या रेल्वे हवी झाली तर वाट हटवून रूळ टाकता येतो. म्हणजे वाट चालू असल्यानं पट्टा अखंड राहतो. नाहीतर काय होतं ते आम्ही बघतोच, शेताचा धुरा, म्हणजे बांध, दरवर्षी दोन बोटं सरकतो, कोणी गोठा बांधतो, कोणी टपरी टाकतो, पाच वर्षांनी तुमची ब्रॉडगेज येते तेव्हा प्रत्येक गावात कोर्टकेस उभी असते. वापरात असलेल्या जागेवर अतिक्रमण होत नाही, कारण गावच होऊ देत नाही. ब्रॉडगेज हवी असणाऱ्यानं तर ही मागणी पहिल्यांदा करायला पाहिजे.

आणि दुसरं, ब्रॉडगेज आली तरी ती जुन्या रुळाच्या रेषेवरून सगळी जाणार नाही. नॅरोगेजची वळणं आखूड असतात, मोठ्या गाडीला ती चालत नाहीत, ती सरळ करावी लागतात, म्हणजे वळणांचे तुकडे आणि गावातल्या जुन्या स्टेशनची जागा बाजूला पडणारच. यवतमाळकडे तर आणखी सोपं आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड नवी लाईन होतेय, वर्धा ते कळंब गाडी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरूही झाली, आणि ती लाईन यवतमाळवरून पुढं दारव्ह्यालाच येते. मग यवतमाळ–दारव्हा या जुन्या पट्ट्यावर ब्रॉडगेज कशासाठी टाकायची? तो तुकडा आजच मोकळा धरता येतो. महूजवळ पाताळपाणी–कालाकुंड बघा, मीटरगेजचा घाट, २०१८ मध्ये तिथं हेरिटेज गाडी सुरू केली तुमच्याच खात्यानं. आपली अकोला–खंडवा मीटरगेज त्याच लाईनची. म्हणजे असं करता येतं की नाही हा प्रश्न तुम्ही स्वतःच सोडवलेला आहे.

अकोला–खंडव्यावरून आठवलं. धूळघाटचा तो गोल फिरून वर चढणारा रूळ, "चार का आठ", तिथं पण सायकल ट्रॅक करा असं काही जण म्हणतात. तिथं नको. ते मेळघाटचं वाघाचं जंगल आहे, गाडी बंद झाल्यापासून तिथं जी शांतता आलीय ती जनावरांची आहे, ती तशीच राहू द्या.

अडचणी आहेतच. सायकलच्या वाटेवर मोटरसायकली घुसतील, पहिल्याच आठवड्यात, त्यात शंका नको, म्हणून तोंडावर खांब लागतील, आणि खांब लावले की बैलबंडीवाला शेतकरी म्हणेल माझं वावर पलीकडं आहे. त्याचं आधी ऐका. प्रत्येक जुन्या फाटकावर बंडी, ट्रॅक्टर आडवे जायला मोकळी वाट राहिली पाहिजे, ही गोष्ट नकाशावर दिसत नाही, गावात उभं राहूनच कळते. पुलांची तपासणी आधी, बाकी सगळं नंतर, पूर्णेवरच्या पुलावर कठडा नसताना एकही पोर सोडू नका. डांबर नको, काळ्या मातीवरच्या भरावाला डांबर टिकत नाही, खडीवर दाबून मुरूम आणि वर बारीक चुरी पुरेशी आहे. दोन्ही बाजूनं कडुलिंब लावा, रोजगार हमीतून, सावलीशिवाय एप्रिलमध्ये तिथं कुत्रंही फिरकणार नाही.

आणि मालकीचा घोळ. कंपनी, तिचा करार, थकलेले पैसे, कोर्ट, हे सगळं तुमच्या खात्यालाच मिटवायचं आहे, सायकल असो की ब्रॉडगेज. ते न मिटवता कोणी उद्घाटनाचा नारळ फोडायला आलं तर गावातली पोरंसुद्धा हसतील, आमच्याकडे नारळ बरेच फुटलेत.

तर मागणी एवढीच. एक, या पट्ट्याची जमीन किंवा रूळ तुकड्यातुकड्यानं लिलावात काढायचं थांबवायचा लेखी आदेश काढा. दोन, रेल्वे आणि भूमी अभिलेख दोघांची एकत्र मोजणी करून हद्दीच्या खुणा रोवा, अचलपूर ते मूर्तिजापूर आणि यवतमाळ ते दारव्हा आधी. बाकी वाट बांधायचं काम जिल्हा परिषद, ग्रामपंचायती बघतील, जागा वापरायची परवानगी तेवढी तुमच्याकडून पाहिजे.

मोजणीची माणसं पाठवाल तेव्हा कृपा करून दिवाळीनंतर पाठवू नका, तेव्हा सगळंच चांगलं दिसतं. जुलैत पाठवा, दोन दिवस पावसाची झड लागली की लगेच. गाडी हायवेवर लावायला सांगा आणि दर्यापूर तालुक्यातल्या कुठल्याही गावापासून भरावापर्यंत त्यांना पांदणीनं पायी चालत येऊ द्या. बूट घालून येऊ नका म्हणावं.

आपला,
अंजनगाव–दर्यापूर पट्ट्यातला एक कापूसवाला