गुण पानाबरोबरच यावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकालाच्या किंवा प्रवेशाच्या संकेतस्थळावर बैठक क्रमांक टाकला की पान उघडते, शीर्षक दिसते आणि त्याखाली गोल चक्र फिरत राहते, हा अनुभव अनेक पालकांना नवा नाही. त्याचे खापर सर्व्हरवरील गर्दीवर फोडले जाते. गर्दी खरीच असते. परंतु पान कसे बांधले आहे याचाही त्यात मोठा वाटा असतो, याकडे वेब अभियंता म्हणून मी लक्ष वेधू इच्छितो.

पान सर्व्हरवरच तयार करून पाठवायचे ते साध्या फोनवर आणि कमकुवत नेटवर्कवरही मजकूर लगेच वाचता यावा म्हणून. मात्र रिअ‍ॅक्ट या पाने बांधण्याच्या साधनातील, सर्व्हरवर पान तयार करणारे जुने ‘रेंडर-टू-स्ट्रिंग’ हे फंक्शन डेटासाठी थांबत नाही. गुण डेटाबेसमधून येण्याआधीच रिकामी चौकट रवाना होते. मग फोनने सगळी जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा पानाचा कोड) उतरवून घ्यायची, चालवायची आणि गुणांसाठी पुन्हा सर्व्हरचेच दार ठोठवायचे, म्हणजे ऐन गर्दीत एका विद्यार्थ्यामागे दोन फेऱ्या.

यावर साधने कधीचीच उपलब्ध आहेत. व्ह्यू या तशाच साधनाच्या 2019 मधील 2.6 आवृत्तीत ‘सर्व्हर-प्रीफेच’ आले, म्हणजे पान पाठवण्याआधी सर्व्हरवरच डेटा आणून ठेवण्याची सोय. 2022 मधील रिअ‍ॅक्ट 18 ने सस्पेन्सच्या (डेटा येईपर्यंत पानाचा तेवढाच भाग राखून ठेवणाऱ्या सोयीच्या) आधारे पान टप्प्याटप्प्याने पाठवण्याची सोय केली. तरीही कशासाठी थांबायचे हे अभियंत्यालाच ठरवावे लागते. नाव आणि गुण यांसाठी थांबलेच पाहिजे. सूचना आणि महाविद्यालयांची यादी मागाहून आली तरी चालते, आणि ती देणारी सेवा अडकली तर तिच्यापायी गुण अडवून ठेवणे सर्वथा अयोग्य आहे. बैठक क्रमांक चुकीचा असल्याचा निर्णयही पहिला तुकडा पाठवण्यापूर्वीच व्हावा, कारण मागणी यशस्वी झाली की चुकली हे सांगणारा प्रतिसादाचा स्थितिदर्शक क्रमांक एकदा गेला की बदलता येत नाही. परस्परांवर अवलंबून नसलेल्या डेटाच्या तीन मागण्या, प्रत्येकी 300 मिलिसेकंदांच्या, एकापाठोपाठ केल्या तर 900 मिलिसेकंद जातात. एकाच वेळी केल्या तर सुमारे 300 पुरतात. शिवाय आणलेला डेटा पानातच जोडून द्यावा, म्हणजे ब्राउझर तो पुन्हा मागत नाही.

सार्वजनिक संकेतस्थळांच्या निविदांमध्ये एक अट घालावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे: ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट बंद करून पान उघडले तरी मुख्य माहिती दिसली पाहिजे. ही तपासणी कार्यालयातील कोणत्याही कर्मचाऱ्याला बिल मंजूर करण्यापूर्वी करता येईल.

आपला विश्वासू,
एक वेब अभियंता, नाशिक