पद जाते, काम कुठे जाते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या केंद्र सरकारातील नोकरकपातीच्या बातम्या आपल्याकडे ट्रम्प, मस्क आणि वॉशिंग्टन यांच्यापलीकडे फारशा जात नाहीत. वास्तविक तिथले ८० टक्क्यांहून अधिक केंद्रीय कर्मचारी राजधानीच्या परिसराबाहेर काम करतात. वनरक्षक, हवामान निरीक्षक, माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या परिचारिका, पेन्शनच्या खिडकीवरचे कारकून. कुऱ्हाड पडली ती यांच्यावर.

माझी उभी हयात सरकारी कचेरीत गेली. ‘सरकारी बाबू फुकटचा पगार घेतात’ हे मी नोकरीभर ऐकले आणि त्यात अगदीच तथ्य नाही असेही म्हणणार नाही. माझा आक्षेप कपातीच्या रीतीला आहे. २८ जानेवारी २०२५ रोजी कर्मचाऱ्यांना ई-मेल गेला : आता राजीनामा द्या, सप्टेंबरअखेरपर्यंत पगार घ्या. पहिल्याच फेरीत सुमारे ७५ हजार जणांनी होकार दिला. अशा योजनेत जातो कोण? ज्याला बाहेर सहज नोकरी मिळते तो, नाहीतर निवृत्तीला टेकलेला जाणकार. टेबलावरची कोणती फाइल कुठे अडते हे ज्याला तोंडपाठ असते, नेमका तोच.

फेब्रुवारीत परिवीक्षाधीन, म्हणजे पदावर अजून कायम न झालेल्या, कर्मचाऱ्यांची पाळी आली. त्यांना काढणे सोपे, म्हणून ते आधी. पण परिवीक्षेवर फक्त नवखे नसतात. वर्षानुवर्षे नोकरी करून नुकतेच नव्या पदावर गेलेलेही असतात. अनेकांच्या पत्रात कारण लिहिले होते कामगिरीचे. न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी मार्चमध्ये ही सबब निव्वळ बनाव असल्याचे सुनावले आणि सहा खात्यांतल्या लोकांना परत घ्यायला सांगितले. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. या साऱ्यात कर्मचाऱ्याने घराचा हप्ता कशाच्या भरवशावर भरायचा? अण्वस्त्रांची देखरेख करणाऱ्या यंत्रणेतल्या शेकडो जणांना तर काढून लगोलग परत बोलावण्याची धावपळ झाली.

मला सर्वांत बोलके वाटले ते अलास्कातले कोट्झेब्यू. हवामान केंद्रे दिवसातून दोनदा फुगा सोडतात. त्याला बांधलेले यंत्र वरच्या हवेचे तापमान, दाब, आर्द्रता कळवते. मनुष्यबळ नाही म्हणून फेब्रुवारीअखेर तिथले फुगे थांबले, पुढच्या महिन्यात ओमाहा आणि रॅपिड सिटीचे. फुगा न सोडल्याने त्या दिवशी कोणाचे काही अडत नाही. रांग लागत नाही, तक्रारही येत नाही. शेकडो मैलांवरच्या कोणाचा तरी अंदाज थोडा कच्चा राहतो, एवढेच. असे नुकसान कोणत्याच हिशेबाच्या वहीत चढत नाही.

खिडकीवरचे नुकसान मात्र दिसते. सामाजिक सुरक्षा खात्याने ५७ हजार कर्मचारी ५० हजारांवर आणायचे ठरवले. पेन्शनर तेवढेच, उलट वाढतेच. पद रद्द झाले तरी काम रद्द होत नाही. ते शेजारच्या टेबलावर जाते आणि तिथेही मावेनासे झाले की रांगेतल्या म्हाताऱ्याच्या पायांवर येते.

आणि बचत किती? मुलकी कर्मचाऱ्यांचे पगार-भत्ते धरले तरी तो खर्च केंद्राच्या एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांहून कमी भरतो. कपात याआधीही झाली आहे. १९९४ मध्ये क्लिंटन यांच्या काळात संसदेने कायदा करून २,७२,९०० पदे काही वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरवले आणि स्वेच्छेने जाणाऱ्यांना २५ हजार डॉलरपर्यंत रक्कम दिली. त्या कपातीवरही टीका झालीच, पण निदान माणसाला आवराआवर करायला वेळ मिळाला.

विनंती इतकीच की, किती हजार पदे गेली हा आकडा आपण छापता, त्याच्या शेजारी कोणत्या गावची कोणती खिडकी बंद झाली हेही छापावे. आम्ही पेन्शनर मंडळी आधी तेच वाचू.

आपला,
एक निवृत्त कारकून