भुसावळच्या भाऊंना, त्या रात्रीच्या फोनबद्दल

भाऊ,

फोनवर आभार मानायला गेलो तर तुम्ही "बरं बरं" म्हणून फोन ठेवलात. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

त्या रात्री सावद्याला केळीच्या गाड्या काट्यावर खोळंबल्या होत्या. पावतीवर भरलं वजन बरोबर, रिकामं वजन मात्र भलतंच. काट्याकडून वजन वाचणारी सामायिक लायब्ररी (दुसरे प्रोग्राम चालताना वापरतात तो कोड) माझी, आणि दुपारीच मी तिची नवी आवृत्ती बसवली होती. स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे मेमरीत ओळीने बसणाऱ्या रकान्यांच्या साच्यात, दोन वजनांच्या मधोमध गाडी नंबराचा रकाना घातला होता, एवढंच. एरर एकही नाही, म्हणून मी वायरी तपासत बसलो.

तुम्ही एकच विचारलंत, "पावतीचा प्रोग्राम परत कंपाइल केलास का?" कसा करणार? कंपाइल करायला लागतो तो त्याचा मूळ लिहिलेला कोड, सोर्सच, कुणाकडे उरला नव्हता. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: तो प्रोग्राम रिकामं वजन कंपाइल करताना ठरलेल्या जुन्याच जागी शोधतोय, आणि तिथे आता गाडीचा नंबर बसलाय.

मी म्हटलं, रकाना शेवटी टाकतो. तुम्ही तेही थांबवलंत. स्ट्रक्चरची जागा तो प्रोग्राम स्वतः राखतो, जुन्या मापाने. लायब्ररी नव्या मापाने लिहायला गेली की पलीकडची मेमरी तुडवणार. ती चूक त्या रात्री दिसलीही नसती, पुढे कधीतरी भलतीकडेच फुटली असती. हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. शेवटी जुनं स्ट्रक्चर, जुनं फंक्शन जसंच्या तसं ठेवलं, नंबरासाठी वेगळं फंक्शन दिलं, आणि गाड्या सुटल्या.

पुढच्या रविवारी तुम्ही सोनेम, म्हणजे लायब्ररीच्या आत नोंदलेलं आकड्यासकटचं नाव, समजावलंत. जुळणी मोडायचीच असेल तर सोनेममधला आकडा वाढवायचा, म्हणजे दोन्ही लायब्रऱ्या शेजारी नांदतात आणि जुना प्रोग्राम आपलीच उचलतो. जीलिबसीचं, म्हणजे लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीचं, उदाहरण तर मनात रुतून बसलंय. २०११ साली २.१४ मध्ये ६४-बिट इंटेल मशिनांसाठी मेमकॉपीला (मेमरीतला मजकूर एका जागेहून दुसरीकडे उतरवणाऱ्या फंक्शनला) नवी सिम्बॉल आवृत्ती, म्हणजे नावाला जोडलेला आवृत्तीचा आकडा, दिली, पण २.२.५ ची जुनीही आत ठेवली. एकमेकांवर चढलेल्या जागांसाठी मेमकॉपी वापरणारे प्रोग्राम मुळात चुकीचे होते, तरी त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही.

आता एबीआयडिफ, म्हणजे लायब्ररीच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांची जुळणी तपासणारं साधन, चालवल्याशिवाय मी एकही आवृत्ती काट्यावर नेत नाही. पावतीचा तो प्रोग्राम अजून तसाच चालतोय.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. बामणोदची वांगी निघाली की भरीत खायला घरी यायचं, आईने बजावून सांगितलंय.

तुमचा,
सावद्याचा काटेवाला