‘म्हणून’ या शब्दाखाली रेघ मारा

प्रिय दादा आणि वहिनी,
प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहिते. शेवटल्या काळाची, म्हणजे प्रभूच्या पुन्हा येण्याबद्दलची बायबलमधली वचनं घरात रोज वाचायची तर आधी एक पेन्सिल घ्या. जिथे जिथे ‘म्हणून’ येईल तिथे रेघ मारा. मत्तय 24:42 मध्ये ‘म्हणून जागृत राहा’. 1 करिंथ 15 मध्ये शेवटच्या कर्ण्याचं वर्णन झालं की 58व्या वचनात ‘म्हणून स्थिर व अढळ व्हा’. 1 पेत्र 4:7 तर सर्वांचा शेवट जवळ आलाय असं सांगतं, आणि दोनच वचनांनंतर काय, तर कुरकुर न करता पाहुणचार करा! भाकीत ‘म्हणून’पर्यंत येऊन थांबलं तर ते नुसतं कुतूहल राहतं. त्याच्या पुढचं वाक्य हेच त्या दिवसाचं काम.

सुरुवात प्रकटीकरणापासून करू नका. 22 अध्याय, त्यात पशू आणि शिक्के. मुलं घाबरतात आणि मोठी माणसं हिशेब मांडायला बसतात. आधी 1 थेस्सलनीका घ्या, म्हणजे प्रेषित पौलाचं थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला पहिलं पत्र. पाचच अध्याय आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटाकडे प्रभूच्या येण्याचा उल्लेख आहे. रोज एक अध्याय वाचलात तरी आठवड्यात दोन दिवस उरतात. मग मत्तय 24 आणि 25 सलग, मध्ये न थांबता. त्यानंतर प्रकटीकरणाचे 2 आणि 3 हे अध्याय, म्हणजे सात मंडळ्यांची पत्रं. लावदिकीयाचं ‘कोमट’पण आपल्याला जास्त लागू पडतं, पण वाचताना आपण शेजारच्या मंडळीकडे बोट दाखवतो.

मत्तय 25 मधल्या, दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींबद्दल एक गोष्ट नेहमी निसटते: डुलक्या दहाही जणींना लागल्या होत्या (वचन 5). दोष झोपेचा नव्हताच. पाच जणींकडे जादा तेल नव्हतं, आणि ते ऐनवेळी दुसरीकडून मागून मिळत नाही. म्हणजे वैयक्तिक प्रार्थना, क्षमा, फेडलेलं कर्ज, तुटलेला अबोला या गोष्टी आजच्या आज. त्याच अध्यायाच्या शेवटी न्याय करणारा राजा तारीख ओळखली का असं विचारत नाही. भुकेल्याला खायला दिलं का, आजाऱ्याला भेटलात का, एवढंच पाहतो.

आता तारखांचं. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतला उपदेशक विल्यम मिलर याने दानीएल 8:14 मधले 2300 दिवस म्हणजे 2300 वर्षं धरली आणि इ.स.पू. 457 पासून मोजत प्रभूच्या येण्याचं 1843 हे वर्ष काढलं. इ.स.पू. 1 नंतर थेट इ.स. 1 येतं, मध्ये शून्य साल नसतं हे नंतर लक्षात आलं आणि हिशेब 1844 वर गेला. त्याच्या अनुयायांनी शेवटी 22 ऑक्टोबर हा दिवस ठरवला. काहींनी पिकं शेतातच सोडली, आणि तो दिवस तसाच गेला. गणित काळजीपूर्वक केलेलं होतं, पण तो दिवस आणि ते समय जाणणं माणसाकडे नाही असं सांगणारी मत्तय 24:36 आणि प्रेषितांची कृत्ये 1:7 ही वचनं बाजूला ठेवूनच ते करता येतं. थेस्सलनीकातही काहींनी कामधंदा सोडला होता. त्यांना पौलाने खडसावलं: काम करायचं नसेल तर खाऊही नये (2 थेस्स. 3:10). म्हणून तुमच्या विम्याचा हप्ता, मुलांची फी, आईची औषधं यांतलं काहीही ‘आता प्रभू येणारच’ म्हणून थांबवू नका.

मोबाइलवर येणाऱ्या भाकितांसाठीही त्याच पत्रात उपाय आहे. प्रभूचा दिवस येऊन ठेपलाय अशी, जणू पौलाकडूनच आलेली पत्रं फिरत असावीत. पौल 2:2 मध्ये घाबरू नका म्हणतो आणि 3:17 मध्ये स्वतःच्या हाताने लिहून ओळखीची खूण देतो. फॉरवर्ड करण्याआधी तेच पाहा: कोणी लिहिलं, कोणतं वचन दिलंय, त्याच्या मागची-पुढची दहा वचनं काय म्हणतात. तारीख असेल तर इतकंही करायची गरज नाही, पुसून टाका.

वहिनी, दुःखाच्या घरी जाल तेव्हा 1 थेस्स. 4:13-18 ही सहाच वचनं वाचा आणि गप्प राहा. घटनांचा क्रम समजावत बसू नका. पौल तिथे रडू नका म्हणत नाही; आशा नसलेल्यांसारखं रडू नका म्हणतो. आणि शेवट पुन्हा ‘म्हणून’नेच आहे: म्हणून या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा.

मुलांनी ‘येशू आज रात्री आला तर?’ असं विचारलं तर धाक घालू नका. आज कोणाशी भांडण झालंय ते विचारा, आणि झोपायच्या आधी ते मिटवू द्या.

तुमची,
धाकटी