परत सातमाळ्याला चाललेय, रागावू नका

आई, आप्पा,

फोनवर सांगायला घेतलं की आई रडते आणि आप्पा फोन ठेवून देतात, म्हणून लिहितेय, लांबलचक आहे, चष्मा लावून वाचा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी परत सातमाळ्याला चाललेय. हो, तीच डोंगररांग. अचला, अहिवंत, मग आपला सप्तशृंग गड, मार्कंड्या, रावळ्या-जावळ्या, धोडप, कांचना, राजधेर, इंद्राई करत चांदवडला उतरायचं. सात दिवस, सगळं स्वतःच्या पाठीवर, मधे गाडी नाही, हॉटेल नाही, पाणी गडांवरच्या कातळातल्या टाक्यांचं आणि झऱ्यांचं. गडावर दर्शन घेईन पण प्रसादाला बसणार नाही, सोबत नेलेलंच खायचं असा नियमच आहे, आई यावर भांडू नको.

"कशाले जास वं मरायले" हे मला इथे पुण्यात बसून ऐकू येतंय.

पहिल्या वेळी १८ किलोची सॅक होती, त्यात दोन जीन्स आणि एक पातेलं, कुणाला सांगू नका. मार्कंड्या उतरतानाच गुडघा गेला, ते ठीक. दुसऱ्या वेळचं मात्र मी तुम्हाला नीट सांगितलंच नाही. ग्रुप आहे म्हटलं होतं, होतो आम्ही दोघीच. ऑफिसची सुट्टी मार्चमध्ये मिळाली म्हणून मार्चमध्ये गेलो, नकाशात टाकं आहे म्हणजे पाणी असणारच असं धरून चाललो, आणि रावळ्या-जावळ्या सोडल्यावर एका टाक्यात शेवाळं, दुसरं कोरडं ठाक, ऊन असं की डोळ्यापुढे अंधारी. कशाबशा खाली वस्तीवर उतरलो. आप्पा, तुम्ही रात्री कळवणला आलात, रस्ताभर एक शब्द बोलला नाहीत, फक्त मालेगावला टपरीवर थांबून माझ्यापुढे पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्यात. त्यापेक्षा ओरडला असतात तर बरं झालं असतं.

यावेळी सॅक पाणी सोडून ९ किलो, कपडे अंगावरचे आणि एक जोड. डिसेंबरात टाक्यांना पाणी असतं, तरी चार लिटर जवळ ठेवणार, फिल्टर घेतलाय, आणि रोज कुठून कुठल्या गावात उतरता येईल तो कागद दादाकडे दिलाय. रेंज मिळेल तिथून मेसेज करेन, एखादा दिवस नाही आला तर लगेच पोलीस नको.

आई, तू चैत्रात गडावर पायी निघालीस आणि मालेगावातून ताप घेऊन परत आलीस ना, पुढच्या वर्षी परत निघालीस तेव्हा आजी दारात आडवी बसली होती. मी लहान होते पण आठवतंय.

आणि आप्पा, सुरतेहून परतताना महाराजांनी १६७० मध्ये दाऊदखानाला जिथे हरवलं ती कांचनबारीची खिंड तुम्हीच मला सांगितलीत, दोन्ही वेळा मी तिथपर्यंत पोचलेच नाही, तेच जास्त खुपतंय.

चांदवड तर धुळे-नाशिक रोडवरच आहे. सातव्या दिवशी संध्याकाळी रेणुकामातेच्या देवळापाशी या, त्याआधी नाही. बाटल्या आणल्यात तर पिईन.

आणि आई, दशम्या पहिल्या दोन दिवसांपुरत्याच कर, पुढे खराब होतात, बिबड्या मात्र भरपूर दे. कुरियरने नको, सगळा चुरा होतो, दादा येईल त्याच्या हाती दे.

तुमचीच,
आंडेर