ड्रायव्हरची जार कुणाला दिसते? भुसावळच्या आबांना जाहीर आभारपत्र

आबा, राम राम.

जिनिंग, केळीचे गट, पतसंस्था यांची सॉफ्टवेअरं टॉमकॅट या जावा सर्व्हरवर सांभाळणाऱ्या जळगाव, चोपडा, अमळनेर, धुळे भागातल्या आम्हा सगळ्यांचं हे पत्र. कापसाची आवक सुरू झाली की "डेटाबेस बंद पडला" म्हणून फोन वाजायला लागतात. डेटाबेस बहुतेकदा ठणठणीत असतो. त्याच्याशी बोलणारा जावाचा जेडीबीसी ड्रायव्हर (तो "जार" नावाच्या एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये येतो) जागेवर नसतो. अशा वेळी तुमचं एकच वाक्य ठरलेलं, "पयले लॉग दखाड". लॉगमधला नेमका कुठला संदेश कुठे बोट दाखवतो, हे तुम्ही इतक्या जणांना न कंटाळता समजावलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमची पद्धत इथे लिहूनच काढतो, म्हणजे नव्या पोरांना रात्री अकराला तुमचा फोन लावावा लागणार नाही.

पहिली शिस्त म्हणजे सगळ्यात शेवटचं "कॉज्ड बाय" वाचायचं. वरच्या पन्नास ओळी स्प्रिंगच्या किंवा सर्व्हलेटच्या असतात, त्यात काही नसतं. खाली "क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन" असेल, तर मागितलेल्या नावाचा क्लास, म्हणजे जावा कोडचा तुकडा, मागणाऱ्याला सापडला नाही, एवढाच अर्थ. आधी नावाचं स्पेलिंग पाहायचं. मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे कनेक्टरच्या, आवृत्ती ८ पासून क्लास "कॉम.मायएसक्यूएल.सीजे.जेडीबीसी.ड्रायव्हर" आहे, मधलं "सीजे" नसलेलं जुनं नाव अजून चालतं, फक्त लॉगमध्ये ते कालबाह्य असल्याची ओळ येते. उलट बाजूने मात्र सूट नाही: ५.१ ची जार ठेवून "सीजे"वालं नाव दिलं तर क्लास सापडणारच नाही. फाइलच्या नावावर विश्वास न ठेवता "जार टीएफ" कमांडने आतली यादी काढून नाव ताडून बघायचं, ही तुमचीच सवय.

जार आहे, नाव बरोबर आहे, तरी क्लास सापडत नाही, तेव्हा प्रश्न जागेचा. डाउनलोड केलेली झिप तशीच लिब फोल्डरमध्ये टाकलेली असते, जार तिच्या आत. किंवा अॅपच्या आतल्या वेब-आयएनएफ फोल्डरच्या लिबमध्ये आणखी एक फोल्डर करून त्यात जार ठेवलेली असते. टॉमकॅट तिथे उतरून बघत नाही. एक्लिप्समध्ये बिल्ड पाथला जोडलेली जार डिप्लॉयमेंट असेंब्लीत नसली की वॉरमध्ये (सर्व्हरवर चढवायच्या अॅपच्या फाइलमध्ये) जातच नाही. कोड कंपाइल होतो, कारण ड्रायव्हरचं नाव कोडमध्ये नुसती स्ट्रिंग असते. लिनक्सवर रूटने कॉपी केलेली जार टॉमकॅटच्या यूजरला वाचता येत नाही, तिथे "सीएचमॉड ६४४" पुरतं. आणि सीस्टिमच्या क्लासपाथ व्हेरिएबलमध्ये जारचा पत्ता घालणाऱ्यांना तुम्ही हसत सांगता ते खरंच आहे: टॉमकॅटची स्टार्टअप स्क्रिप्ट ते व्हेरिएबल बघतच नाही.

सगळ्यात मोलाचं तुम्ही शिकवलंत ते दोन लिबमधला फरक. धाब्याच्या घरात ओसरीवरचं सामान सगळ्यांना दिसतं, आतल्या खोलीतलं त्या खोलीतल्यांनाच. टॉमकॅटच्या स्वतःच्या लिबमधली जार टॉमकॅटला आणि सगळ्या अॅप्सना दिसते. वेब-आयएनएफच्या लिबमधली फक्त त्या एका अॅपला. त्यामुळे जार कुठे ठेवायची हे जोडणी कोण करतं त्यावर ठरतं. कॉन्टेक्स्ट एक्सएमएलमध्ये रिसोर्स लिहून पूल (तयार जोडण्यांचा साठा) टॉमकॅटकडून घेत असाल, तर ड्रायव्हर टॉमकॅट शोधणार, म्हणून जार टॉमकॅटच्या लिबमध्ये, आणि नंतर पूर्ण रीस्टार्ट. नुसतं अॅप रीलोड करून भागत नाही, कारण ते फोल्डर टॉमकॅट सुरू होतानाच वाचलं जातं. अॅप स्वतः हिकारीसारखा पूल बांधत असेल, तर जार अॅपमध्ये. दोन्हीकडे एकेक प्रत ठेवणं हा उपाय नव्हे. दोन क्लासलोडरनी (क्लास मेमरीत आणणाऱ्या यंत्रणांनी) भरलेला एकच क्लास जावाच्या लेखी दोन वेगळे क्लास असतात. मग "ओरॅकलकनेक्शनचं ओरॅकलकनेक्शनमध्ये कास्ट होत नाही" असला वेड लावणारा संदेश येतो.

"नो सूटेबल ड्रायव्हर" हा संदेश वेगळा. इथे जावाच्या ड्रायव्हरमॅनेजरकडे नोंदलेल्यांपैकी एकही ड्रायव्हर त्या यूआरएलला "हा माझा" म्हणत नाही. निम्म्या वेळा यूआरएलच चुकलेला असतो: "जेडीबीसी"नंतरचा कोलन गळालेला, किंवा प्रॉपर्टीज फाइलमधून आलेली मोकळी जागा. तो बरोबर असेल तर नोंदणी झालेली नाही. जेडीबीसी ४ आल्यापासून, म्हणजे जावा ६ पासून, ड्रायव्हर आपोआप नोंदतो, क्लास.फॉरनेम लिहायची गरज नाही, असं पुस्तकात असतं. टॉमकॅटमध्ये ते अर्धंच खरं. ही आपोआप शोधाशोध एका जेव्हीएममध्ये (जावाच्या एका चालू प्रोसेसमध्ये) एकदाच होते, आणि मेमरी लीक टाळणारा टॉमकॅटचा लिसनर ती सुरुवातीलाच, अॅप चढायच्या आधी, उरकून टाकतो. वेब-आयएनएफमधला ड्रायव्हर त्यात येत नाही. म्हणून तिथे क्लास.फॉरनेम लिहायचंच, किंवा पूलच्या सेटिंगमध्ये ड्रायव्हरचा क्लास नावानिशी द्यायचा. एकच मोठी जार बनवणाऱ्यांनी आणखी एक बघायचं: मेटा-आयएनएफच्या सर्व्हिसेसमधली "जावा.एसक्यूएल.ड्रायव्हर" फाइल एका ड्रायव्हरची दुसऱ्याने पुसून टाकली नाही ना. मेव्हन शेड या मोठी जार बांधणाऱ्या साधनात सर्व्हिसेस ट्रान्सफॉर्मर लावला की त्या एकत्र होतात.

तिसरा संदेश, क्लासच्या जागी रिकामी अवतरणं आणि यूआरएलच्या जागी "नल". तो पाहून जार बदलत बसणाऱ्यांचा वेळ तुम्ही किती वाचवलात त्याला गणती नाही. तिथे जारचा संबंधच नसतो. वेब एक्सएमएलमध्ये मागितलेल्या नावाचा रिसोर्स टॉमकॅटला मिळालेला नसतो. नावातलं एखादं अक्षर लहानमोठं असतं, किंवा रिसोर्स सर्व्हर एक्सएमएलमध्ये असून अॅपच्या कॉन्टेक्स्टमध्ये रिसोर्सलिंक दिलेली नसते, किंवा कॉन्फ फोल्डरच्या कॅटालिना-लोकलहोस्टमध्ये त्याच अॅपची जुनी एक्सएमएल पडून असते आणि वॉरमधल्या नव्या फाइलऐवजी तीच वाचली जाते.

आवृत्तीच्या भांडणासाठी तुमचं ४४ चं गणित आता सगळे वापरतात. "अनसपोर्टेड क्लास व्हर्जन"मध्ये ५२, ५५ किंवा ६१ दिसलं की ४४ वजा करायचे: जावा ८, ११, १७. तेवढी जावा सर्व्हरवर नसेल तर जावा वाढवायची, नाहीतर जुन्या जावासाठीची जार घ्यायची. जावा ८ च्या मशीनवर ओरॅकलची ओजेडीबीसी११ चालणार नाही, ओजेडीबीसी८ लागेल. जावा ८ मध्ये जेडीबीसी-ओडीबीसी ब्रिजच काढून टाकला, त्यामुळे अॅक्सेसवर चालणाऱ्या जुन्या हिशेबांना तो कुठल्याही फोल्डरमध्ये सापडायचा नाही.

वेळेच्या टाइमझोनवरून "आयएसटी ओळखता येत नाही" असं जुना ८.० कनेक्टर म्हणाला, तर ड्रायव्हर भरला गेलाय हे आधी लक्षात घ्यायचं. यूआरएलमध्ये सर्व्हरटाइमझोन म्हणून एशिया/कोलकाता द्यायचं. एक्सएमएलमध्ये दोन पॅरामीटर जोडताना नुसतं & चालत नाही, त्यापुढे ए-एम-पी आणि अर्धविराम लागतो. "कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर" दिसलं तरी ड्रायव्हर जागेवरच आहे. मग पोर्ट ३३०६ आणि फायरवॉल.

टॉमकॅट १० वर जाणाऱ्यांसाठी तुम्ही दिलेला इशारा ठळक लिहून ठेवलाय: सगळीकडचं "जावॅक्स" आंधळेपणाने "जकार्ता" करायचं नाही. सर्व्हलेट बदलतं, "जावॅक्स.एसक्यूएल.डेटासोर्स" जेडीकेचा भाग आहे, तो तसाच राहतो.

आबा, हे सगळं एका पानावर छापून प्रत्येक सर्व्हरच्या टेबलाशी लावायचं ठरलंय. त्याआधी एकदा डोळ्यांखालून घाला. आवृत्त्यांचे आकडे तुम्ही तपासल्याशिवाय आम्ही छपाईला देणार नाही.

आपली,
खान्देशातली सर्व्हर सांभाळणारी मंडळी